सोसायला कोणी सांगावं?

वर्षाचा कांदा-लसूण मसाला सातारा-सांगलीकडे डंकावर कुटून आणतात, पण रोजचं सुक्या खोबऱ्याचं वाटण मिक्सरवरच होतं. नव्या मिक्सरनं भांडं बसवताच खडखडाट मांडला, तर कंपनीला फोनवर केलेल्या तक्रारीला ठरलेलं उत्तर मिळतं: मिक्सर आहे, आवाज येणारच, घ्या चालवून. कपलर झिजलाय की भांड्याखालचं बुश सैल झालंय, हे उघडून बघायला कोणी फिरकत नाही. सहनशीलता हा सद्गुण खराच, पण ज्याच्यामुळे सोसावं लागतं त्यानंच तो दुसऱ्याकडून मागावा का? माझं उत्तर ठाम नकाराचं आहे. वेदान्तानं तितिक्षा, म्हणजे सोसण्याची ताकद, साधकाच्या षट्संपत्तीत गणली ती त्यानं स्वतः कमवायची म्हणून. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला शीत-उष्ण सोसायला सांगतो आणि चारच श्लोकांनंतर युद्धाला उभं राहायलाही सांगतो. म्हणजे सोसणं आणि अन्यायापुढे गप्प बसणं त्या उपदेशात एक नाही.

एवढ्याशा यंत्रासाठी गीता कशाला, असं कोणी म्हणेल. पण पैसे घेताना वॉरंटीचा शब्द दिलेला असतो, आणि दिलेला शब्द वस्तूच्या किमतीनं लहान होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: फोनवरची मुलगी बिचारी नोकर, तिच्यावर का चिडायचं? तिच्यावर चिडूच नये. पण निर्णय घेणारा फोनवर येतच नाही, हीच तर खरी तक्रार आहे. याच सांगलीकडच्या मातीत १९१० साली लोखंडी नांगर बनवणारी किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हा लोखंडी नांगरानं जमीन बिघडते असा शेतकऱ्यांचा समज होता. पुढे कर्मवीर झालेले भाऊराव पाटील हे नांगर विकत गावोगाव फिरले. शंका विचारणाऱ्यासमोर विकणारा स्वतः उभा असे. कारखाने मोठे झाले, ग्राहक देशभर पसरले, हे मान्य. पण पसारा वाढला म्हणून जबाबदारी कोणाचीच उरली नाही, असं कसं चालेल? क्षमा करायचीच म्हटली, तरी चूक कबूल करणारा कोणी समोर लागतो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं विकणारा आणि ग्राहक यांच्यातलं हे अंतर थोडं कमी केलं आहे. सांगलीत राहणाऱ्या बाईला सांगलीच्याच जिल्हा आयोगात तक्रार देता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. पावती जोडून तिथं अर्ज देणारीची तितिक्षा कमी पडली, असं मी मानणार नाही. निकाल लागेपर्यंत वाटण तिला त्याच मिक्सरवर करायचं आहे.