पहिली परीक्षा कोणाच्या देहावर?

आज एका सिलिकॉनच्या नळीविषयी लिहिणार आहे. धम्माच्या पाक्षिकात नळीचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. परंतु नवे औजार प्रथम कोणाच्या देहावर चालवून पाहावे, हा प्रश्न एकट्या डॉक्टरांचा नाही, तो शीलाचा आहे. आणि ज्यांचा देह पिढ्यान्‌पिढ्या फुकटचा मानला गेला, त्यांनी तर तो विचारलाच पाहिजे.

मेंदूच्या रक्तवाहिनीला कधी कधी फुगा येतो. सायकलच्या जुन्या ट्यूबला कमकुवत जागी फुगवटा यावा तसा. तो फुटला तर माणूस दगावतो, किंवा वाचला तरी अनेकदा पांगळा होतो. पूर्वी त्यावर कवटी उघडण्यावाचून फारसा उपाय नव्हता. १९९० साली अमेरिकेत लॉस एंजलिस येथे गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरांनी एक नवी रीत रुग्णांवर वापरण्यास आरंभ केला. जांघेतील धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत न्यायची आणि प्लॅटिनमच्या तारेचे वेटोळे सोडून तो फुगा आतून भरून टाकायचा. पुढे अरुंद झालेली वाहिनी रुंद करणाऱ्या जाळीदार नळ्या, म्हणजे स्टेंट, मेंदूसाठीही आल्या. ही वाहिनी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते आणि कवटीत शिरताना ती सापासारखी वळणे घेते. तेथे हात चुकला तर वाचा जाते, अर्धे अंग जाते.

मग असे औजार सुरक्षित आहे की नाही, हे ठरवायचे कसे?

येथे आपली नळी येते. रुग्णाच्या चित्रणावरून त्याच्या वाहिनीचा हुबेहूब आकार मेणात किंवा हल्ली त्रिमिती छपाईने घडवतात. त्यावर सिलिकॉन चढवून आतला साचा वितळवून काढतात. पितळेच्या मूर्ती ओतणाऱ्या कारागिराला ही रीत सांगावी लागणार नाही. उरते ती पारदर्शक, पोकळ, त्याच वळणांची वाहिनी. तिच्यातून रक्ताइतके दाट होईल अशा बेताने पाणी आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण, अंगाच्या उष्णतेइतके म्हणजे ३७ अंश तापवून, ठोके देणाऱ्या पंपाने खेळवतात. मग औजार आत घालतात. ते वळणावर अडते का, ढकलायला किती जोर लागतो, त्यावरचा लेप खरवडून कण सुटतात का, जाळी भिंतीला नीट टेकते का, हे सारे डोळ्यांनी दिसते. हृदय मिनिटाला ७२ ठोके देते असे धरले तर दहा वर्षांत सुमारे ३८ कोटी ठोके होतात. तेवढे हेलकावे यंत्रावर भराभर देऊन जाळीची तार तुटते का, तेही पाहतात. हे वाचताना मला हायसे वाटले. शंभर वेळा चुकावे आणि कोणाचे काही बिघडू नये, अशी जागा माणसाने निर्माण केली, ही लहान गोष्ट नव्हे.

कारण अशी जागा नव्हती तेव्हा काय होत होते, ते आठवा. १८४५ ते १८४९ या काळात अमेरिकेच्या अलाबामा राज्यात मॉन्टगोमेरी येथे मॅरियन सिम्स या डॉक्टराने बाळंतपणात झालेल्या जखमा शिवण्याची शस्त्रक्रिया शोधली. ती शोधली गुलाम स्त्रियांच्या देहावर. त्यांतील तिघींची नावे आपल्याला ठाऊक आहेत : अनार्का, बेट्सी आणि ल्युसी. एकट्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या, त्याही भूल न देता. संमती मालकाची होती, वेदना तिची. सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून हलवला गेला तो २०१८ साली! त्या शस्त्रक्रियेने पुढे असंख्य बायांचे भले झाले, हे खरे आहे. पण त्या भल्याची किंमत कोणी मोजली?

तुम्ही म्हणाल, आता गुलाम नाहीत, प्राणी आहेत. डुकरांवर, सशांवर ही औजारे आजही तपासली जातात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार करताना जिवाला मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. माझ्या मते या प्रश्नाला तोच भेद लावावा. जे उत्तर सिलिकॉनची नळी देऊ शकते, त्यासाठी ससा मारला तर तेथे गरज उरत नाही, इच्छाच उरते. प्रतिकृती जसजशी सुधारेल तसतशी गरजेची हद्द मागे सरकेल आणि आपले कर्तव्य वाढत जाईल.

परंतु नळीचीही पूजा मांडू नका. सिलिकॉनला वेदना होत नाही, तशी त्यात गाठही धरत नाही. ग्लिसरीन गोठत नाही. विंगस्पॅन नावाच्या मेंदूच्या स्टेंटला अमेरिकेच्या सरकारी खात्याने २००५ साली सवलतीच्या मार्गाने परवानगी दिली. आधार होता ४५ रुग्णांच्या एका अभ्यासाचा. मग त्याची खरी तुलना सुरू झाली : निम्म्या रुग्णांना औषधे आणि स्टेंट, निम्म्यांना नुसती औषधे. ४५१ रुग्ण झाल्यावर, एप्रिल २०११ मध्ये, नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले. ३० दिवसांच्या आत पक्षाघात किंवा मृत्यू स्टेंटवाल्यांत १४.७ टक्के, औषधवाल्यांत ५.८ टक्के. मुख्य वाहिनीतून निघणाऱ्या केसासारख्या शाखा काही जणांत बुजल्या होत्या, काहींच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. साध्या सिलिकॉनच्या नळीला त्या शाखा नसतात, भिंतीवर चरबीचा थरही नसतो. २०१२ साली त्या खात्याने स्टेंट कोणाला बसवावा याची मर्यादा आवळली. त्या मर्यादेत राहून निवडलेल्या १५२ रुग्णांत, ७२ तासांपुरते पाहता, हे प्रमाण २.६ टक्के आढळले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. म्हणजे औजार दुष्ट नव्हते. ते कोणाला हितकारक आणि कोणाला घातक, हे कळायला माणसेच लागली.

तेव्हा प्रतिकृतीवर औजार उत्तीर्ण झाले, म्हणून डॉक्टराला कोणता हक्क मिळतो? माझे उत्तर असे की, त्याला फक्त विचारण्याचा हक्क मिळतो. "एवढे तपासले आहे, एवढे तपासता आलेले नाही, यात तू येतोस का?" असे विचारण्याचा. आणि 'नाही' ऐकून निमूट परत फिरण्याचे बंधन त्याबरोबरच येते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला मी होकार मानत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. मी नववीत असताना माझ्या थोरल्या चुलत्यांच्या डोक्यातील वाहिनी फुटली. शहरातील एका इस्पितळात रात्री एक कागद वडिलांपुढे आला. तो इंग्रजीत होता. वडिलांनी माझ्याकडे पाहिले, मी कागदाकडे. मला 'डेथ' एवढा एकच शब्द कळला आणि तो मी त्यांना सांगितला नाही. चुलते वाचले, उजवा हात मात्र परत आला नाही. डॉक्टरांनी वाईट केले असे मी म्हणत नाही. कदाचित त्यांनी उत्तमच केले असेल. त्या कागदाची नक्कल वडिलांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. बी.ए. झाल्यावर मी ती बाहेर काढून पहिल्यापासून वाचली. शेवटच्या ओळीत छापले होते की, वरील सर्व मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आला आहे. त्याखाली वडिलांचा निळा अंगठा होता.