राखून ठेवलेली जागा

"पोराची दोन वर्षं फुकट गेली हो!" सिंगापूरच्या भाच्याबद्दल कोथरूडच्या एका काकूंनी टाकलेला हा सुस्कारा काही केल्या डोक्यातून जाईना. भाचा तिथला दुसऱ्या पिढीतला कायम रहिवासी, त्यामुळे नागरिक नसूनही त्याला राष्ट्रीय सेवा चुकली नाही. १९६७ पासूनची ही दोन वर्षांची लष्करी सक्ती. बारावीच्या तोडीची परीक्षा झाली की मुलगे गणवेश चढवतात, मुली थेट विद्यापीठात जातात.

काकूंच्या थोरल्याने 'नीट'साठी दोनदा ड्रॉप घेतला, ती वर्षं मात्र 'तयारी'च्या खात्यात जमा. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये तिशीला टेकलेल्यांचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. वर्ष वाया जाणं वेगळं, मागे पडणं वेगळं. मागे पडायला पुढे गेलेलं कुणीतरी लागतं. तिथे वर्गातले बहुतेक मुलगे एकदमच थांबतात. मुली पुढे जातात, त्याची कुरकुर ते करतात, करोत बापडे.

सेवेच्या पहिल्या दिवशी आईवडील फेरीबोटीने टेकाँग बेटावरच्या प्रशिक्षण तळावर सोबत जातात, लेकाची खाट बघतात, सैनिकांच्या भोजनगृहात त्याच्याबरोबर जेवतात आणि परततात. आपल्याकडची आई होस्टेलच्या गादीवर स्वतः चादर घातल्याशिवाय हलत नाही. तिथे चादरीला सुरकुती राहिली तर सार्जंट बघून घेतो.

शिस्त लागते, माणूस घडतो, हे मला पटत नाही. शिस्तीला बंदूक कशाला? शिवाय दोन वर्षं गणिताला हात न लावलेला मुलगा पहिल्या सत्रात चाचपडणारच. म्हणजे काकूंचंच खरं म्हणायची वेळ आली. पण तिथली विद्यापीठं सेवेआधीच प्रवेश देतात आणि ती संपेपर्यंत जागा राखून ठेवतात. चिखलात सरपटणाऱ्या मुलाला ठाऊक असतं, इंजिनिअरिंगची आपली जागा कुठे जात नाही. मला हेवा वाटतो तो याचा, लष्कराचा नव्हे.

आपल्याकडे वर्षभर थांबलेल्या मुलाला गॅप सर्टिफिकेट द्यावं लागतं: या काळात मी दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता, असं प्रतिज्ञापत्र. थांबला म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार! वडिलांचं आजारपण निघालं, घरची शेती सावरायची वेळ आली, तर हातातली जागा सोडायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत उभं राहायचं. सीईटी सेलने पुढच्या नियमावलीत एवढं एकच कलम घालावं: योग्य कारण असेल, तर मिळालेली जागा वर्षभर राखून ठेवता येईल.