गेथशेमाने ते केडगाव

मार्कच्या शुभवर्तमानातल्या दोन जागा एकापाठोपाठ वाचल्या, तर श्रद्धावंत वाचकही थबकतो. अकराव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो, की प्रार्थनेत जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा, म्हणजे ते मिळेल. चौदाव्या अध्यायात तोच येशू गेथशेमाने बागेत जमिनीवर पडून, दुःखाचा प्याला टळावा म्हणून बापाची विनवणी करतो आणि लगेच, आपली नव्हे तर बापाची इच्छा व्हावी, असंही म्हणतो. प्याला टळत नाही. मग माणसानं मागायचं कसं? मिळणारच या खात्रीनं, की न मिळालं तरी स्वीकारू या तयारीनं?

डिसेंबर १९५३ मध्ये सी. एस. लुईस यांनी हाच पेच ऑक्सफर्डच्या धर्मगुरूंपुढे ठेवला. ख्रिस्ती श्रद्धेची बाजू तर्काच्या बळावर मांडण्यात या लेखकाचा हातखंडा होता. पण इथं त्यांनी उत्तर दिलं नाही, उलट जमलेल्या धर्मगुरूंकडेच ते मागितलं. पुढं १९५७ मध्ये त्यांची पत्नी जॉय कर्करोगानं मरणपंथाला लागली, तेव्हा एका धर्मगुरूनं तिच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ती सावरली, हिंडूफिरू लागली. नंतर रोग परतला आणि जुलै १९६० मध्ये ती गेली. प्रार्थना करणारा माणूस तोच होता, देव तोच होता.

या पेचातून सुटण्याची एक सोपी वाट मंडळीत सर्रास दिसते. मयताच्या घरी, नोकरी गेलेल्यापुढे, मूल न झालेल्या जोडप्यापुढे कुणीतरी 'प्रभूची इच्छा' असं म्हणतं आणि पुढचं सगळं बोलणं बंद होतं. म्हणणाऱ्याच्या मनात सांत्वनच असतं. पण गेथशेमानेत हे शब्द सगळ्यात आधी आलेले नाहीत. येशूनं आधी स्वतःला काय हवंय ते स्पष्ट सांगितलं, भीती लपवली नाही आणि हीच प्रार्थना पुन्हा पुन्हा केली. पौलानंही शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा मिळाली. हिज्कीया राजा मात्र भिंतीकडे तोंड करून रडला आणि त्याला आणखी पंधरा वर्षं मिळाली. बायबलमधली माणसं देवाच्या इच्छेपर्यंत पोहोचतात ती स्वतःची इच्छा गिळून नव्हे, तर त्याच्यापुढे ती पुरती उघडी करून.

मराठी मुलखात याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं होतं. ती मुदत संपल्यावर संस्था चालावी म्हणून त्यांनी पुण्याजवळ केडगावला जमीन घेतली. फळबाग लावायची आणि उत्पन्न उभं करायचं, असा रीतसर हिशेब होता. तेवढ्यात १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तरुणपणीच आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीत गमावलेल्या रमाबाईंना तो वर्तमानपत्रातली बातमी म्हणून वाचून सोडणं शक्य नव्हतं. हाताशी पुरेसा पैसा नसताना त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. ज्या जमिनीवर फक्त बाग व्हायची होती, तिथं मुक्ती सदन उभं राहिलं. ब्रिस्टलमध्ये कुणापुढे हात न पसरता, निव्वळ प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथ मुलं वाढवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं आणि त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. पण म्हणून त्यांनी हात जोडून वाट पाहिली नाही. विहिरी खणल्या, विणकाम आणि छपाई सुरू केली.

त्यांना सगळंच देवाची इच्छा वाटत नव्हतं, ही गोष्ट फार मोलाची आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी व्यवस्थेत बायकांची जी विटंबना होत होती, तिच्याविरुद्ध त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहिलं. त्याची दखल थेट ब्रिटिश पार्लमेंटमध्ये घ्यावी लागली. दुसरी एखादी धर्मनिष्ठ बाई कदाचित संकट म्हणून गप्प बसली असती. रमाबाईंच्या लेखी माणसाच्या हातून होणारा अन्याय देवाच्या नावे जमा करणं मंजूर नव्हतं. ज्यांच्या प्रार्थनेत 'तुझी इच्छा पूर्ण होवो' हे मागणं रोज येतं, त्यांना ती इच्छा अजून पूर्ण झालेली नाही हेही रोज मान्य करावं लागतं. नाहीतर ते मागण्याला अर्थच काय?

१९०५ च्या जानेवारीत मुक्तीमध्ये रमाबाईंनी प्रार्थनेसाठी रोज एकत्र यायचं आवाहन केलं. सुरुवातीला सुमारे सत्तर जणी आल्या, काही महिन्यांत पाचशेच्या वर. जूनच्या अखेरीस तिथं जे आध्यात्मिक जागरण झालं, त्याची वार्ता देशोदेशी पोहोचली. इतिहासकार त्याच्याविषयी पुष्कळ लिहितात. त्या मानानं १९२१ ची गोष्ट कमी सांगितली जाते.

त्या वर्षी रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. आईनंतर संस्थेची धुरा तीच उचलणार होती. तिच्यासाठी मुक्तीत किती प्रार्थना झाल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी. एवढं मागणं मान्य झालं नाही. रमाबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या, ऐकू कमी येणाऱ्या, थकलेल्या होत्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचं काम त्यांनी तरीही सुरू ठेवलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. अनुवाद पुढे मुक्तीच्याच छापखान्यात छापला गेला, संस्थेची जबाबदारी लिसा हेस्टी यांच्याकडे आली आणि केडगावचं मुक्तीचं काम आजही चालू आहे.