समेशिवाय मैफल

पुणेकर श्रोत्याला सम लागते. विलंबित एकतालात गवई कितीही दूर फिरून आला, तरी तो समेवर कसा उतरणार याचा अंदाज मंडपातल्या माना आधीच बांधून बसलेल्या असतात. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. या शहराचा कान पिढ्यान्‌पिढ्या अशा मैफलींवर पोसला आहे. त्याच शहरातल्या एखाद्या लहानशा कॉलेजच्या सभागृहात सॅक्सोफोन, बास आणि ड्रम अशा तिघांचं फ्री जॅझ ठेवलं, तर पहिली दहा मिनिटं माना नुसत्या अधांतरी राहतील. सम येणारच नाही.

जॅझमधले असे आधार एका दिवसात सुटलेले नाहीत. सनी रोलिन्सने १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात पियानोशिवाय फक्त बास आणि ड्रम घेऊन वाजवलं. पियानो कॉर्ड धरतो, म्हणजे सॅक्सोफोनवाल्याला तो कुठे आहे हे सतत सांगत राहतो. तो आधार गेला. १९६० साली ऑर्नेट कोलमनने ‘फ्री जॅझ’ याच नावाची तबकडी ध्वनिमुद्रित केली आणि या वळणाला नाव मिळालं. ठेका तेवढा शाबूत होता. तोही १९६४ मध्ये अल्बर्ट आयलरच्या त्रिकुटात गेला. त्यांची ‘स्पिरिच्युअल युनिटी’ ही तबकडी ऐकताना सनी मरेच्या ड्रमकडे लक्ष द्यावं: मात्रा मोजू पाहणारं बोट थोड्याच वेळात थांबतं. सिंबलवर एक अखंड थरथर चालू असते, ती दाटते, विरते. गॅरी पीकॉकचा बास तिच्याखाली न राहता मधून वाट काढतो, आणि आयलरचा सॅक्सोफोन वर अक्षरशः हंबरडा फोडतो.

आपल्याकडच्या आलापात ताल नसतो, पण राग असतो. इथे तोही नाही. मग धरायचं काय? एकमेकांना. बासवाल्याने दिशा बदलली की उरलेल्या दोघांनी त्याच क्षणी ठरवायचं, मागे जायचं, अडून बसायचं की गप्प राहायचं. ‘वाट्टेल ते वाजवतात’ हा आरोप वाईट फ्री जॅझला तंतोतंत लागू पडतो (आणि वाईट फ्री जॅझ पुष्कळ आहे), पण तिघांपैकी कोण ऐकत नाही, हे नवख्या श्रोत्यालाही लवकर कळतं. लपायला जागा नसते.

हे संगीत आपल्याकडे फारसं रुजलं नाही, याचं कारण श्रोत्यांच्या कानांपेक्षा जागांमध्ये शोधायला हवं. मुंबईत जॅझ वाढलं ते ताजसारख्या हॉटेलांत, नाचणाऱ्यांसाठी. गोव्याचा चिक चॉकलेट तिथला नामांकित ट्रम्पेटवादक; सी. रामचंद्रांनी त्याला सिनेमात आणलं आणि ‘अलबेला’त तो पडद्यावरही दिसला. नाचणाऱ्याला ठेका लागतो, सिनेमाला तीन मिनिटांत संपणारं गाणं. १९७८ च्या ‘जॅझ यात्रे’त रोलिन्स मुंबईत वाजवून गेले, पण महोत्सव क्वचितच व्हायचा. आजही कोरेगाव पार्कातल्या कॅफेत जॅझ वाजतं ते गप्पांच्या मागे. तिथे आयलरसारखं कुणी वाजवायला लागलं, तर आधी बिल मागवलं जाईल.

अमेरिकेतही क्लबमालकांना हे परवडत नव्हतं. या वादकांना आसरा दिला तो कॉलेजांनी. व्हरमाँटमधल्या चिमुकल्या बेनिंग्टन कॉलेजात बिल डिक्सन १९६८ पासून शिकवत होते; ड्रमवादक मिलफर्ड ग्रेव्ह्‌ज तिथे जवळजवळ चाळीस वर्षं होते. सेसिल टेलर काही काळ अँटिऑक कॉलेजात होते.

पुण्याला हे नवं वाटू नये. इथलं प्रायोगिक नाटक कॉलेजांतूनच वर आलं. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, आणि १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’चे जब्बार पटेल व मोहन आगाशे हे दोघेही बी. जे. मेडिकलचे. न कळणारं नाटक बसून पाहायची सवय या शहराला विद्यार्थ्यांनीच लावली.

तेव्हा कॉलेजांच्या कला मंडळांनी एक संध्याकाळ द्यावी. तीन वादकांना मोठा रंगमंच लागत नाही, ध्वनियंत्रणाही जेमतेम पुरते. तिकीट ठेवू नये, निवेदकाचं लांबलचक भाषणही नको. मध्येच उठून जाणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवावं आणि बसून राहिलेल्यांना पुढच्या रांगांत बोलवावं.