पोटात घातलेली चूक

आमच्या सोसायटीचं संकेतस्थळ मीच लिहिलेलं. गेल्या महिन्यात एका पोरानं सर्व्हरवरचं पीएचपी 7.4 काढून 8 बसवलं आणि सभासदांचं पान कधी उघडे, कधी '500' चा आकडा तोंडावर मारी. माझं उघडे, तळमजल्यावरच्या काकूंचं नाही. कमिटीपुढे मी बेधडक पोराकडे बोट दाखवलं.

तिसऱ्या रात्री लॉग चाळला. सभासदाच्या तक्रारी मोजणारी ओळ माझीच! ज्यानं कधी तक्रारच केली नाही त्याची यादीच नसे, मोजायचं काय? जुनं पीएचपी लॉगमध्ये जरा कुरकुरे आणि 'शून्य' म्हणून वेळ मारून नेई. 2020 साली आलेलं आठवं असलं काही पोटात घालत नाही, जागीच थांबतं. म्हणजे मुकाट राहणाऱ्यांनाच दार बंद. (माझ्या तक्रारी सतरा.)

आता मला सांगा, चूक झाली कधी? मी लिहिली तेव्हा, की पकडली गेली तेव्हा? इतकी वर्षं खपली, म्हणून मी आपला निर्दोष!

ओळ दुरुस्त केली आणि पोराला फोन लावला.

"काका, मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," तो म्हणाला. "पण तुम्ही मोठे. म्हटलं, कसं सांगायचं?"

कमिटीची बैठक रविवारी आहे.