ताण आणि विसावा

लवचिकपणा हा सद्गुण आहे, याविषयी सहसा कोणी वाद घालीत नाही. पूर आणि लव्हाळे यांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ताठरपणापेक्षा नम्रता बरी हा संस्कार त्यातूनच आपल्यावर झालेला असतो. परंतु लवायचे कोणी, किती आणि किती वेळ, हे प्रश्न त्या दाखल्याने सुटत नाहीत. पूर ओसरतो, म्हणून लव्हाळे पुन्हा उभे राहते. जो पूर ओसरतच नाही, त्याच्या तळाशी लव्हाळेही कुजते. या प्रश्नांचा विचार करण्यास एक अगदी सामान्य वस्तू उपयोगी पडण्यासारखी आहे. ती म्हणजे पुरुषांच्या मनगटी घड्याळाचा स्प्रिंगचा पट्टा.

पहिल्या महायुद्धापूर्वी पुरुषाचे घड्याळ बहुधा खिशात असे आणि साखळीने कोटाला अडकविलेले असे. मनगटावरचे घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. १९१४ ते १९१८ या काळात खंदकांतल्या सैनिकांना एक हात मोकळा ठेवून वेळ पाहण्याची निकड भासली आणि घड्याळ मनगटावर आले. त्याबरोबर ते मनगटाला बांधायचे कसे, हा प्रश्नही आला. चामड्याच्या पट्ट्याला बक्कल आणि भोके असतात. कोणत्या भोकात काटा घालावयाचा याचा निर्णय रोज करावा लागतो. स्प्रिंगच्या पट्ट्याने हा निर्णय अनावश्यक करून टाकला. अमेरिकेतील स्पायडेल कंपनीने १९५९ साली ‘ट्विस्ट-ओ-फ्लेक्स’ नावाचा पट्टा बाजारात आणला, तेव्हा त्याच्या जाहिरातींत पट्ट्याला चक्क गाठ मारून दाखवीत. पट्टा गाठीतून सुटून पुन्हा सरळ होई आणि पाहणारा थक्क होई. वस्तूला गाठ मारता येते हे खरे; परंतु म्हणून ती मारीत राहावी असे मात्र सिद्ध होत नाही. माणसांच्या बाबतीत हा फरक आपण फार लवकर विसरतो.

या पट्ट्याची रचना पाहण्यासारखी असते. वर एक आणि खाली एक अशा लहान पोकळ कड्यांच्या दोन रांगा असतात, आणि बारीक दुहेरी आकड्यांनी त्या एकमेकींत गुंतविलेल्या असतात. प्रत्येक कडीच्या पोटात पोलादाची एक चपटी पाती असते. पट्टा ओढला की कड्या एकमेकींपासून दूर सरतात आणि पात्या वाकतात. ओढ संपली की पात्या सरळ होऊ पाहतात आणि कड्यांना पुन्हा जवळ आणतात. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली जो नियम प्रसिद्ध केला तोच येथे चालतो: जितका ताण, तितके बल. मात्र या नियमाला एक मर्यादा आहे. त्या मर्यादेपलीकडे ताणलेली स्प्रिंग परत येत नाही. आणि मर्यादेच्या जवळपास दीर्घकाळ ठेवलेली स्प्रिंगही हळूहळू दमते. एका क्षणी तुटली असती तर लक्षात आले असते. दमणे कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून पट्टा निवडताना पाहावयाची पहिली गोष्ट तकाकी ही नसून माप ही आहे. घड्याळाच्या दोन्ही टोकांच्या कानांमधले अंतर मोजावे; पुरुषांच्या घड्याळांत ते बहुधा १८ किंवा २० मिलिमीटर असते. त्यानंतर मनगट मोजावे. मनगटावर बसल्यावर पट्टा जवळजवळ न ताणलेला असला पाहिजे, हे योग्य मापाचे लक्षण. हात घालताना आणि काढताना तो ताणला जावा, एरवी विसावलेला असावा. ताण ही येण्याजाण्याची वाट आहे, राहण्याचे घर नव्हे. दुकानदार मात्र सांगतो, “साहेब, हा कोणाच्याही हाताला येतो.” तो खोटे बोलत नाही. पट्टा येतो खराच. पण जाड मनगटावर तो दिवसभर ताणलेला राहतो, आणि वर्षभरात इतका सैल होतो की हात खाली सोडताच घड्याळ तळहातावर घसरते.

या साध्या व्यवहारात एक नैतिक धोका दडलेला आहे. जे कडक असते त्याचे माप आपण घेतो, कारण न घेऊन चालत नाही. जे लवते त्याचे माप घेण्याची आपल्याला गरजच वाटत नाही. कुटुंबात जो हट्टी असतो त्याच्या वेळा, त्याच्या आवडी, त्याचे रुसवे सर्वांना पाठ असतात. जी सून, जो धाकटा भाऊ किंवा जी अविवाहित आत्या निमूटपणे सावरून घेते, तिला काय हवे असे कोणी विचारीत नाही. “त्यांचे काय, त्या जुळवून घेतील,” हे वाक्य स्तुतीसारखे उच्चारले जाते आणि शिक्षेसारखे अमलात येते. पुढे ते माणूस थकून उदासीन झाले, तर त्या उदासीनतेलाही आपण शांत स्वभाव असे नाव देतो.

हीच गोष्ट गावांची आणि भाषांची. तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, आदिलाबादहून निर्मलकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर नेरडीगोंडा हे गाव आहे. कडेम नदीवरचा कुंतला धबधबा याच मंडलात येतो. मुलूख कापसाचा, उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जाणारा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट हे तालुके व बोथ तालुक्यातील इस्लापूरचा भाग त्या वेळच्या मुंबई राज्यात गेला. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. सीमा एका दिवसात सरकली. माणसे होती तेथेच राहिली. या पट्टीतला मराठी माणूस घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि बाजारात उर्दू-हिंदीची सरमिसळ बोलतो. तो सहज ताणला जातो आणि संध्याकाळी घरच्या भाषेत परत येतो. परत यायला घर आहे तोवर हा ताण त्याचे वैभवच आहे.

परंतु त्याच बाजारात गोंड आणि कोलाम माणूसही उभा असतो. तो आपल्याशी मराठीत बोलतो, दुसऱ्याशी तेलुगूत आणि तिसऱ्याशी उर्दूत; त्याची गोंडी किंवा कोलामी शिकण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. आपल्या भाषेवर पडणाऱ्या ताणाची तक्रार करताना, आपल्यासाठी ताणल्या गेलेल्या भाषेचे माप आपण कधी घेतले होते काय, हा प्रश्न मराठी माणसाने स्वतःस विचारला पाहिजे. कोकणीच्या वाचकांना हे वेगळे समजाविण्याची आवश्यकता नाही. देवनागरी, रोमन, कन्नड, मल्याळम आणि फारसी-अरबी अशा पाच लिप्यांत लिहिली गेलेली ही भाषा. ती कोठेही मावते, म्हणून तिला स्वतंत्र जागेची गरज काय, असे म्हणणारेही पुष्कळ होते. साहित्य अकादमीची मान्यता तिला १९७५ साली मिळाली आणि राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान १९९२ साली.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, सतत ताण सोसणे यालाच आपल्या परंपरेने तितिक्षा म्हटले आहे. मग ताणाला केवळ क्षणाची परवानगी का द्यावी? आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचा पुरावा घड्याळाच्या पोटातच मिळतो. चावीच्या घड्याळातली मुख्य स्प्रिंग अहोरात्र ताणलेली असते. बंगळूरच्या एचएमटी कारखान्यात १९६१ पासून, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने, मनगटी घड्याळे होऊ लागली. त्यातले ‘जनता’ हे मॉडेल रोज चावी मागणारे होते. २०१६ साली सरकारने त्या घड्याळ कंपनीला टाळे लावण्याचा निर्णय घेतला, तरी बापाचे ‘जनता’ मुलाच्या मनगटावर आजही चालताना दिसते. मग त्याची स्प्रिंग कशी टिकते? एक तर तिचा ताण कामी लागतो. तो थोडाथोडा उलगडत चक्राला सेकंदाला पाच ठोके देतो. दुसरे असे की, ती उलगडली म्हणजे कोणीतरी रोज आठवणीने तिला चावी देतो. ज्या ताणातून काही घडते आणि ज्याची भरपाई होते, ती तितिक्षा. आपण माप चुकविले म्हणून दुसऱ्याने जो सोसायचा, त्याला तितिक्षा म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे.

पट्ट्याची निगा राखण्यातही हाच विवेक लागतो. नेरडीगोंड्यासारख्या गावी घाम, धूळ आणि कापसाचे तंतू कड्यांच्या फटींत जमतात. किनारपट्टीवर त्यांत खारट हवेची भर पडते. मळ साचला की पात्या चांगल्या असूनही पट्टा परत येताना अडखळतो. म्हणून आठवड्यातून एकदा पट्टा घड्याळापासून सोडवावा, कोमट पाण्यात थोडा साबण घालून मऊ ब्रशने, हलकेच ताणून फटी घासाव्या, स्वच्छ पाण्याने धुवाव्या आणि फडक्याने टिपून सावलीत पूर्ण वाळवाव्या. तेल घालू नये. ते धूळ धरते आणि बाही काळी करते. सोन्याचा मुलामा घामाने झिजतो आणि खालची धातू उघडी पडते, तेव्हा रोजच्या वापराला चांगले गंजरोधक पोलाद बरे. निकेलने कातडी लाल होऊन खाजत असेल, तर पट्टा तत्काळ काढावा. सहनशीलतेची परीक्षा पाहण्याची ती जागा नव्हे.

वडिलांचा पट्टा मुलाला सैल होत असेल, तर कारागिराकडून दोनचार कड्या काढून घ्याव्यात. काढलेल्या कड्या मात्र टाकू नयेत. लहानशा डबीत घालून घड्याळाच्या कागदांबरोबर ठेवाव्यात. मनगट आज आहे तसेच उद्या राहत नाही, आणि वेळीच एक कडी वाढविता आली तर सगळ्या पात्या वाचतात.

रात्री पट्टा काढल्यावर मनगटाकडे क्षणभर पाहावे. पुसटसा वळ उठला असेल आणि लगेच नाहीसा होत असेल, तर माप ठीक आहे. वळ खोल असेल आणि बराच वेळ राहत असेल, तर उद्या डबी उघडावी. घरात, कचेरीत आणि शेजारात जी माणसे आपल्यासाठी नित्य लवत आली आहेत, त्यांच्या मनगटावरचे वळ असे सहजासहजी दिसत नाहीत. ते विचारूनच कळतात, आणि विचारण्याचे काम लवणाऱ्याने करावयाचे नसते.