दुखणं कुणाचं खरं धरायचं?

मी आयच्या पाठीवर कविता लिहिली. वाकलेली पाठ, पाठीवर अख्खी वस्ती, वगैरे. जयंतीच्या कार्यक्रमात वाचली, टाळ्या पडल्या. घरी आलो तर आय भिंतीच्या कोपऱ्याला पाठ घासत बसलेली.

"लई दुखतंय का?"

"दुखणारच की. झाडू काय सोताहून हलतोय व्हय?"

मी जेवलो आणि झोपलो. त्या पाठीला मी हात लावला नव्हता. कविता लावली होती. दोस्तांनो, ही गोष्ट मला अजून टोचते.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. तुटलेला धागा सांधायचा, पुढच्या चातीवर जायचं, परत सांधायचा. हात छातीच्या उंचीवर, मान पुढं. आठ तासांत वजन म्हणून काही उचलत नाही. म्हणून उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा मलाच खरं वाटेना. हमालाचा खांदा दुखेल, धागा उचलणाऱ्याचा कशाला दुखेल? वर्षभर त्या कुशीवर झोप नाही. दवाखान्यात गेलो. डॉक्टरने फोटो काढायला लावला. फोटो स्वच्छ. गोळ्या लिहिल्या, चिठ्ठी टेबलावरून पुढं सरकवली. माझ्या खांद्याला त्याने बोटसुद्धा लावलं नाही. जात बघून की बाहेरची रांग बघून, ते मला ठाऊक नाही आणि उगाच सांगणार नाही. पण घरी येताना मी मलाच खोटारडा वाटत होतो.

पुढं कुणीतरी सांगितलं म्हणून एका फिजिओथेरपीच्या बाईंकडं गेलो. त्यांनी खांद्याच्या मागं, फऱ्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. मायला, कळ थेट खांद्याच्या पुढल्या बाजूला आणि तिथून दंडात. "हेच का तुमचं दुखणं?" हेच. दुखतं पुढं आणि गाठ मागं.

याला ट्रिगर पॉइंट म्हणतात. स्नायूत ताठ दोरीसारखा पट्टा होतो, त्यात दुखरी गाठ. फऱ्यावरची गाठ खांद्याच्या पुढं दुखवते, मानेखालची कानशिलात, कुल्ल्यातली पार पायापर्यंत. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या अमेरिकन डॉक्टरांनी १९८३ साली यावर जाडजूड ग्रंथ काढला. ही ट्रॅव्हेलबाई १९६१ पासून राष्ट्राध्यक्ष केनेडीची डॉक्टर होती, त्याच्या पाठदुखीवर इलाज करायची. राष्ट्राध्यक्षाच्या पाठीला तपासणारी बोटं लगेच मिळतात.

गाठ का होते? एक अंदाज असा, की हलक्या पण सारख्या कामात स्नायूतले ठरावीक बारीक तंतू सगळ्यात आधी कामाला लागतात आणि सगळ्यात शेवटी सुटतात. त्यांना सुट्टीच नसते. आखडलेल्या जागी रक्त कमी पोचतं, रक्त कमी म्हणून तंतू सुटत नाही. हा अंदाज आहे, सिद्ध झालेलं नाही. दोन तपासणारे एकाच जागेवर बोट ठेवतील याचीही खात्री नाही, आणि २०१५ साली काही डॉक्टरांनी ही सगळी उपपत्तीच नाकारली. दुखणं मात्र त्यांनीही नाकारलेलं नाही. आपण बुद्धिवादी म्हणवतो, तर हेही सांगितलं पाहिजे.

पण एक गोष्ट पक्की. साध्या फोटोत ही गाठ दिसत नाही, रक्त तपासून कळत नाही. ती बोटालाच लागते. म्हणजे ज्याला कुणी शिवणार नाही, त्याचं दुखणं सापडणारच नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खातं आपल्याला बंद होतं, कारण तिथं धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपली थुंकी बाटवणारी. आपली माणसं जास्त करून रिंगखात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढं टाकला होता. मी आज रिंगफ्रेमवर उभा आहे तो काही आभाळातून पडून नाही.

आणि कुणाला किती दुखतं हे दुसराच ठरवतो. २०१६ साली अमेरिकेत व्हर्जिनियातल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना विचारलं, तर काळ्यांची कातडी जाड असते यासारखं एकतरी खोटं निम्म्यांना खरं वाटत होतं. ज्यांना ते खरं वाटे ते काळ्याचं दुखणं कमी मोजत. आपल्याकडं याला 'काटक माणसं' म्हणतात. कौतुकाने म्हणतात! आयला पण तेच म्हणतात.

२०२० साली दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संघटनेने व्याख्या सुधारली. त्यात लिहिलं, माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान ठेवा. हे लिहायला २०२० उजाडलं.

आजी म्हणायची, भोग आहेत, मागल्या जन्माचे. ते आपण १९५६ ला टाकलं. पण मग बुद्धाचे दोन बाण? एक बाण अंगात घुसलेला, दुसरा मनाने त्यावर दुःख करून घेतलेला. मला हे पटतं आणि अर्धं पटत नाही. दुसरा बाण नेहमी आपणच मारून घेतो का? 'काही झालेलं नाही' म्हणत चिठ्ठी सरकवणारा कोण? बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यांवर शंका घेतलीच आहे. जगणंच दुःख म्हटलं की मुकादम सुटतो.

माझा एक दोस्त म्हणतो, गाठी दाबत बसलास तर लढणार कधी? खांदा बरा करून परत मशीनवरच जाणार ना? मालकाच्या यंत्राला फुकट तेल घालतोस. त्याचं निम्मं खरं आहे. रिंगफ्रेमला ठरल्या वेळी तेल मिळतं, माझ्या खांद्याला नाही. १९४६ साली बाबासाहेब मजूरमंत्री असताना आठवड्याचे तास ५४ चे ४८ झाले; असा इलाज अंगठ्याने होत नाही. पण निम्म्यावर मी अडतो. तीन महिन्यांवर टिकलेलं दुखणं मज्जातंतूंनाच तसं वळण लावू शकतं. मग साधा धक्काही ठणकतो. झोप जाते, चिडचिड होते, मीटिंगला माणूस येत नाही. आणि समजा यातलं काहीच नसतं, तरी आयने क्रांती होईपर्यंत ठणकत बसायचं का? आमच्या कवितेला पाठ लागते म्हणून?

तर बाईंनी शिकवलेलं सांगतो. गाठीवर बोट किंवा रबरी चेंडू, सोसेल एवढाच दाब, अर्धा ते एक मिनिट. कळ ओसरली की सोडायचं, शेक द्यायचा, स्नायू हळू ताणायचा. काळंनिळं होईस्तोवर रगडायचं नाही. आराम मिळतो, पण बहुतेक थोड्या दिवसांचा. हालचाल, झोप आणि कामात थांबायला मिळणं याशिवाय टिकत नाही. हातातली ताकद गेली, मुंग्या थांबेनात, छातीत दुखून घाम सुटला, तर दाबत बसू नका, दवाखाना गाठा.

परवा रात्रपाळी नव्हती. आयला म्हटलं पालथी पड. लाजली. "पोरानं आयची पाठ रगडायची व्हय? लोक काय म्हणतील?" मग पडली. फऱ्याच्या आतल्या कडेला सुपारीएवढी गाठ लागली. दाबली तशी ती काही बोलली नाही, नुसती लुगड्याचा पदर दातात धरला. मी म्हटलं, आये, ओरड की.

थोड्या वेळाने म्हणाली, "डाव्या अंगाला पण हाय."